गागोद्याचा विन्या आणि खांद्यावरचं फावडं

पेण म्हटलं की आधी गणपती आठवतात, मग पोह्याचे पापड आणि मिरगुंडं. माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं, त्यामुळे दोन्हीकडचं कौतुक ऐकतच इतकी वर्षं गेली. पण याच पेण तालुक्यात गागोदे नावाचं एक लहानसं गाव आहे आणि ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे नावाचा मुलगा जन्मला, हे आपल्याकडच्याही फार जणींच्या ध्यानात नसतं. हाच मुलगा पुढे आचार्य विनोबा भावे झाला.

विनोबा म्हणजे भूदान आणि विनोबा म्हणजे गीताई, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ. मैत्रिणींनो, आज मला त्यांच्या आयुष्यातली तिसरीच गोष्ट सांगायची आहे. ती पाठ्यपुस्तकात बहुतेक एका ओळीत उरकलेली असते, कारण ती आहे संडासाची. जेवणाच्या ताटावर हा विषय नको, असं म्हणत आपण तो जो बाजूला सारतो, तो थेट नदीत जाऊन पडतो. नाक न मुरडता शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

गागोद्याच्या घरात आजोबा शंभुराव होते, आई रुक्मिणीबाई होती आणि मागून आलेली भावंडं होती. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला. आई मोठ्या मुलाला विन्या म्हणायची. तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला खायला मिळत नसे. परसातला फणस पिकला की आई तो कापायची, गऱ्यांचे द्रोण भरायची आणि आधी शेजारच्या घरांत वाटून यायला विन्याला पाठवायची. घरच्यांना त्यानंतर. कोकणातल्या कितीतरी घरांत हे असंच चालायचं, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण पुढे हाच माणूस गावोगाव हिंडून लोकांना जमीन वाटायला लावणार होता, आणि त्याचा पहिला धडा त्या द्रोणांतला होता, असं तो स्वतः मोठेपणी मानायचा.

मग सगळं कुटुंब बडोद्याला गेलं. विन्या हुशार, गणितात तर फारच. आई फारशी शिकलेली नव्हती, पण भक्त होती. गीतेवरचं प्रवचन ऐकायला जायची आणि संस्कृत कळत नाही म्हणून खंतावायची. मराठीतली गीता तिने मुलाकडे मागितली. त्याने आणून दिलेली तिला जड वाटली, तेव्हा तूच का नाही करत, असं तिने त्याला विचारलं. ते करायला त्याला वेळ लागला. १९३० च्या ऑक्टोबरात त्याने गीताई लिहायला घेतली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पुरी केली, पण तोवर आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

शाळा-कॉलेजचं त्याला मुळात वेडच नव्हतं. एकदा आई स्वयंपाक करत होती, तेव्हा त्याने आपली सर्टिफिकिटं सुरळी करून चुलीत घातली. आईला वाटलं, असू द्यायची होती, कधी लागली असती. आपल्यालाही असंच वाटलं असतं, नाही का? २५ मार्च १९१६ ला इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि तिथून काशीला निघून गेला. काशीत गांधीजींच्या एका भाषणाची हकिकत वाचली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत बसले होते. त्यांनी या वीस वर्षांच्या ब्राह्मणाच्या मुलाच्या हातात एक सुरी दिली आणि समोर बसवलं. ब्रह्मज्ञान शोधत निघालेला मुलगा पहिल्या दिवशी भाजी चिरायला शिकला! मला तर ही गोष्ट फार आवडते. आपल्या घरात किती मुलगे वीस वर्षांचे होईपर्यंत भाजी चिरतात, ते ज्याचं त्याने पाहावं.

मध्ये एक वर्ष तो वाईला होता. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्ताचा अभ्यास केला, पायी फिरून गड-किल्ले पाहिले, आणि एक वर्षाची रजा पुरी झाली त्या दिवशी आश्रमात हजर झाला. वाईचं नाव जरा लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

आश्रम तोवर साबरमतीच्या काठी गेला होता. तिथे मैला उचलायला पगारी माणूस ठेवलेला होता. त्या काळी या कामाला भंगीकाम म्हणत, आणि ते जातीने ज्यांच्या कपाळी लिहिलं त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या करायचं, अशी आपल्या समाजाची रीत. एके दिवशी त्या माणसाचा लहान मुलगा बापाच्या जागी बादली उचलत होता. त्याला ती पेलवत नव्हती. विनोबांचा धाकटा भाऊ बाळकोबा याने ते पाहिलं, पुढे होऊन बादलीला हात लावला आणि मग भावाला विचारलं, मी हे काम करू का? विनोबांनी होकार तर दिलाच, शिवाय स्वतःही त्याच्याबरोबर निघाले. गांधीजी तेव्हा आश्रमात नव्हते. आश्रमातल्या काही मंडळींना हे मुळीच रुचलं नाही. ब्राह्मणाच्या मुलांनी मैला उचलायचा, म्हणजे काय! पण गांधीजी परत आले, त्यांनी भावांची पाठ राखली, आणि त्यानंतर आश्रमात या कामाला पगारी माणूस राहिला नाही. ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरायची, असं ठरलं.

१९१८ मध्ये आई गेली. तिचे शेवटचे संस्कार भटजींच्या हातून होणार म्हणून हा मुलगा स्मशानात गेला नाही, घरी गीता वाचत बसला. सगळ्या नातेवाइकांना किती राग आला असेल! मला स्वतःला हे आजही अवघड जातं. आईसाठी एवढं वाकायला काय हरकत होती, असं वाटतं. पण ज्याला जे खोटं वाटलं ते त्याने आईसाठीही केलं नाही, असा हा माणूस होता, आणि पुढचं सगळं समजायला हे माहीत असलेलं बरं.

आता त्या मैल्याचं पुढे काय करायचे, ते सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. बादली नदीत ओतायची नाही, हा पहिला नियम. उथळ चर खणायचा, वीतभर किंवा फार तर फूटभर खोल. त्यात मैला घालायचा आणि वर कोरडी माती लोटायची. खोल खड्डा का नाही? कारण मातीतले जिवाणू वरच्या फूटभर थरातच जास्त असतात. त्यांना हवा मिळते, ते मैला खातात आणि काही महिन्यांत त्याचं खत होतं. वास नाही, माश्या नाहीत, आणि पाण्याला हात लागलेला नाही. जुने शेतकरी त्याला सोनखत म्हणतात ते उगाच नाही. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनीही आयुष्यभर हेच काम केलं. तुरुंगात सफाईचं काम करू द्या म्हणून १९३२ मध्ये त्यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात अन्न कमी केलं होतं आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपास धरला होता. त्यांचा गोपुरी संडास कणकवलीहून गावोगाव गेला. अप्पासाहेबांवर वेगळंच लिहायला हवं, इथे एवढंच.

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला गेले. सूतकताई, शेती, तुरुंग, पुन्हा तुरुंग असं चक्र सुरू झालं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९३८ मध्ये प्रकृती फार खालावली म्हणून ते धाम नदीच्या काठी पवनारला राहायला गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचं नाव घेतलं, तेव्हा देशाला कळलं की असा कोणी माणूस आहे.

१९४५ मध्ये तुरुंगातून सुटले आणि पुढच्या वर्षी त्यांनी जे काम हाती घेतलं ते कोणत्याही पुढाऱ्याला शोभणारं नव्हतं. पवनारपासून सुमारे तीन मैलांवर सुरगाव नावाचं खेडं आहे. तिथे संडास नव्हते. लोक रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला बसायचे. पावसाळ्यात ते सगळं वाहून ओढ्यात आणि मग नदीत. पन्नाशी ओलांडलेले विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून पवनारहून निघायचे, सुरगावला पोचायचे, रस्त्यावरची घाण उचलायचे, मातीआड करायचे आणि परत चालत यायचे. जाण्यायेण्यात दीडेक तास आणि कामात तासभर तरी. ऊन असो, थंडी असो, पाऊस असो. सूर्य कधी सुट्टी घेत नाही, मग गावची सफाई करणाऱ्याने का घ्यावी, असा त्यांचा हिशेब होता. एकदा सुरू केलं ते एक-दोन महिन्यांसाठी नाही, वीस वर्षांसाठी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कारण एक पिढी बदलायला तेवढा वेळ लागतोच.

एका पावसाळी दिवशी वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाणं शक्य नव्हतं. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडे दिसणाऱ्या एका गावकऱ्याला हाक मारून त्यांनी सांगितलं की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे त्याला येता आलं नाही. तो माणूस बिचारा विनोबाजी आले होते असं सांगायला निघाला, तर त्यांनी त्याला पुन्हा थांबवलं आणि नाव नाही, कामच सांगायला लावलं. मग ते परत फिरले.

कुणी म्हणेल, एवढा विद्वान माणूस, संस्कृतसकट कितीतरी भाषा येणारा, त्याने एका खेड्याची घाण उचलण्यात वेळ घालवावा? मलाही प्रश्न पडतो, की त्याने सुरगाव बदललं का? कामाला दोन वर्षं होत आली होती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. फेब्रुवारीत त्यांच्या अस्थी धाम नदीत विसर्जित झाल्या तेव्हा विनोबा तिथे होते. त्यानंतर फाळणीच्या निर्वासितांसाठी त्यांना उत्तरेत बोलावलं गेलं आणि वीस वर्षांचं सुरगाव दोन वर्षांत सुटलं. ते काम अपुरं राहिलं, असंच म्हणायला हवं.

आणि खरं सांगू का, ते आपल्याकडेही अपुरंच आहे. फक्त आपल्याला दिसत नाही. फ्लश आला. साखळी ओढली, बटण दाबलं, की गेलं. कुठे गेलं?

आपल्या गावांत बहुतेक घरांखाली आणि बिल्डिंगखाली सेप्टिक टँक असते. त्यात जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढच्या पाइपातून बाहेर पडतं. ते दिसायला बरं दिसतं, पण जंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यात जाऊन मातीत मुरलं पाहिजे, हा नियम. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी तो पाइप सरळ गटारीत सोडलेला असतो. आणि जिथे शोषखड्डा आहे तिथेही आपल्या कोकणच्या पावसात जमीन भिजून तुडुंब झाली, की खड्डा पाणी घेईनासा होतो. त्यात भर म्हणजे मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी. चाळीसेक हजार वस्तीचं गाव धरा. माणशी रोज १०० लिटर पाणी धरलं तर ४० लाख लिटर झालं. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे ३२ लाख लिटर. १० हजार लिटरचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे ३२० टँकर. रोज!

पेणला भोगावती आणि रोह्याला कुंडलिका. उन्हाळ्यात भोगावतीचं पात्र आटतं तेव्हा गटारीतून काय येतं ते उघडंच दिसतं. कुंडलिकेचं वेगळं आहे. मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कुंडलिकेत पडतं, म्हणून ती मे महिन्यातही वाहती असते. कोलाडला लोक होड्यांतून उड्या मारत जातात ते त्याच पाण्यावर. माहेरी गेले की मला तिच्या काठावर बसायला आवडतं. पण वाहतं पाणी घाण झाकतं, घालवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातले ५३ पट्टे होते आणि कुंडलिकेचाही एक होता. रोह्यात विषय निघाला की सगळे धाटावच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. कारखान्यांवर लक्ष हवंच, त्यांच्या सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्रही आहे. पण आपल्या मोरीचं काय, हे कुणी विचारत नाही.

मग गावाचं सांडपाणी स्वच्छ करतात तरी कसं? ऐकायला मोठं यंत्रांचं वाटतं, पण आपल्याला कळायला सोपं आहे. आधी पाणी जाळीतून जातं, तिथे चिंध्या, पिशव्या, नको त्या वस्तू अडकतात. मग ते एका टाकीत सावकाश फिरतं, तांदूळ धुताना खडे खाली बसावेत तशी रेती बसते. पुढच्या टाकीत जड घाण निवळते. यानंतर खरं काम. एका मोठ्या हौदात त्या पाण्याला यंत्राने हवा पुरवतात. हवेवर जगणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. मग शेवटच्या टाकीत हे जिवाणू गाळ होऊन खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. आता गंमत बघा, त्या गाळातला थोडा भाग पुन्हा हवेच्या हौदात सोडतात. का? विरजण! कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला, तसंच. उरलेला गाळ सुकवतात. पाण्याला क्लोरीन देतात आणि मग ते नदीत सोडतात किंवा शेतीला, बागांना देतात.

हे सगळं नदीत सोडण्याआधीच का करायचं, तर तेच जिवाणू नदीतही ती घाण खातातच, पण त्यासाठी नदीच्या पाण्यातली हवा वापरतात. मग माशांना हवा उरत नाही. नदी काळी पडते, वास मारते. घाण किती हवा खाईल, ते मोजायच्या मापाला बीओडी म्हणतात. गावच्या कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर सहज असतो, आणि चांगल्या केंद्रातून निघताना तो ३० च्या आत यायला हवा. विनोबांच्या उथळ चरात मातीतले जिवाणू जे करत होते, तेच काम इथे हौदात चालतं. त्यांना वीज लागत नव्हती, एवढाच फरक. केंद्राची वीज गेली आणि हवा बंद पडली, की जिवाणू मरतात आणि पाणी तसंच पुढे जातं. म्हणून केंद्र बांधून फीत कापली म्हणजे झालं, असं नसतं. ते रोज चालवावं लागतं. इथेही सुट्टी नाही.

शिवाय भुयारी गटार अख्ख्या गावाला घालायची म्हणजे पैसा फार आणि वर्षं फार. तोवर काय? इथे वाई परत येते. ज्या गावात विनोबांनी वर्षभर वेदान्त वाचला, त्या कृष्णाकाठच्या वाईने हे काम सेप्टिक टँकपासून धरलं. वस्तीने ती पेणएवढीच, २०११ च्या जनगणनेत दोन्ही गावं ३५ ते ४० हजारांच्या घरातली. आपल्याकडे टाकी तुंबून घरात वास सुटेपर्यंत कुणी टँकर बोलावत नाही. वाई नगरपालिकेने २०१८ मध्ये उलटं केलं. तुंबायची वाट न बघता, ठरलेल्या क्रमाने, तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकीचा गाळ उपसायचा. खर्च स्वच्छतेच्या करातून, म्हणजे टँकरवाल्याशी घासाघीस नाही. उपसलेला गाळ ओढ्यात किंवा कुणाच्या पडीक जमिनीत ओतायचा नाही. रोज ७० हजार लिटर गाळ घेईल असं केंद्र त्यासाठी उभारलं. तिथे त्यातलं पाणी वेगळं काढतात, गाळ सुकवतात आणि उष्णतेने त्यातले जंतू मारून त्याची काळी भुकटी करतात. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली. गटारीतल्या मोरीच्या पाण्याचा प्रश्न याने सुटत नाही, हे खरं. पण सगळ्यात वाईट घाण नदीबाहेर राहते. आपल्या गावात टँकर येतो, टाकी उपसतो, पैसे घेतो आणि जातो. तो रिकामा कुठे होतो, हे कधी कुणी विचारलंय? वॉर्डातला नगरसेवक मत मागायला येतो तेव्हा विचारायला हा प्रश्न चांगला आहे.

आमच्याच बिल्डिंगची गोष्ट. टाकी भरली म्हणून टँकर आला. वरचं पाणी पाइपाने ओढून झालं, पण तळाचा गाळ दगडासारखा बसलेला. टँकरबरोबर वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याने शर्ट काढला, कमरेला दोर बांधला आणि आत उतरायला निघाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि अशा ओरडल्या की आम्ही सगळ्या जणी पोळ्या टाकून खाली धावलो. दहा मिनिटांचं काम आहे, रोजच करतो ताई, असं तो म्हणत होता. सोसायटीतल्या दोघा-तिघांचंही म्हणणं तेच. आम्ही झाकणाभोवती उभ्या राहिलो आणि त्याला उतरू दिलं नाही. टाकीत साचलेला वायू एका श्वासात माणसाला खाली पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही, हे पेपरात आपण वाचतोच ना? शेवटी पाण्याचा जोराचा फवारा मारून गाळ पातळ केला आणि पाइपाने ओढला. दोन तास जास्त लागले, पैसेही जास्त गेले. मुलगा नंतर काकूंकडे चहा प्यायला. त्याचा बापही हेच काम करायचा, म्हणाला.

साबरमतीतल्या त्या बादलीवाल्या मुलाला शंभर वर्षं होऊन गेली. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. ती वाढवावी लागली, यातच सगळं आलं. आपल्या हातात जे आहे ते अगदी साधं आहे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी, गाळ घट्ट व्हायच्या आत उपसून घ्यायची. संडासात ॲसिडच्या बाटल्या ओतायच्या नाहीत, त्याने टाकीतले कामाचे जिवाणू मरतात. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात, कारण टाकीत टाकलं तर ते कुणाच्या तरी हाताने काढावं लागतं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत नाही. आणि गावाकडे नवं घर बांधत असाल, जागा असेल, तर दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला वर्ष-दीड वर्ष मिटून ठेवायचा. उघडाल तेव्हा आत बिनवासाचं खत असतं. विहिरीपासून मात्र लांब, ३० फुटांच्या पलीकडे तरी.

विनोबांचं पुढचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि मग तेरा वर्षं ते देशभर चालत राहिले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान बोललं गेलं. त्यातली बरीच प्रत्यक्षात वाटली गेली नाही, ही टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. १९५८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण फावडं त्यांनी सोडलं नव्हतं. १९६० च्या पावसाळ्यात इंदूरला मुक्काम असताना त्यांनी शहराच्या सफाईची मोहीम काढली आणि स्वतः संडास साफ करायला गेले. तोवर त्यांचं वय ६५ होत आलं होतं आणि देशाचे मोठमोठे लोक त्यांना भेटायला येत होते.

त्याआधी वर्षभर, २५ मार्च १९५९ ला, म्हणजे घर सोडलं त्याच तारखेला, त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते बायकांसाठी. बायकांनी एकत्र राहावं, अभ्यास करावा, कुणी एकीने मुख्य व्हायचं नाही, सगळे निर्णय एकमताने, अशी त्याची रीत. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून शिकलेल्या मुली तिथे आल्या आणि राहिल्या. शेती, स्वयंपाक, छपाई आणि सफाई, सगळं त्या आपल्या हाताने करत आल्या आहेत. ज्याच्या आईला गीता वाचता येत नव्हती, त्या माणसाला बायकांनी शास्त्रं लिहावीत असं वाटत होतं, आणि शास्त्रं लिहिणाऱ्यांनी संडासही धुवावा असंही वाटत होतं.

१९८२ च्या नोव्हेंबरात प्रकृती बिघडल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येला, ते गेले. पवनारच्या धाम नदीच्या काठीच त्यांना अग्नी दिला गेला. पुढच्या वर्षी सरकारने भारतरत्न दिलं. गागोद्याचं त्यांचं जन्मघर जपलेलं आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे, आणि पेणहून जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.